बडेबाबूंची दहा चित्रपटांची यादी

देशातले सर्वोत्तम दहा चित्रपट कोणते, हे त्या काळी मुंबईत ठरत नसे आणि मद्रासलाही ठरत नसे. ते आमच्या डेपोच्या गावात ठरत असे. जंगलखात्याच्या कचेरीमागच्या पडवीत, होळीच्या आधीच्या रविवारी, सकाळी दहा वाजता. ठरवणारे होते बडेबाबू. मुंबईला आणि मद्रासला याचा पत्ता नव्हता, पण त्याला बडेबाबू काय करणार?

कचेरीचे हेडक्लार्क म्हणून त्यांना बडेबाबू म्हणत. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. ते असते तर त्यांनी ते ठळक टायपात छापायला लावलं असतं, हे एक कारण. दुसरं कारण वहिनी, त्यांची बायको. तिच्याबद्दल पुढे येईलच.

गाव एटापल्लीच्या वाटेवरचं. सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या, एक आरागिरणी, एक शाळा, एक दवाखाना. दवाखान्यात मी नर्स होते. तेविसाव्या वर्षी वरोऱ्याहून एकटी तिथे आले तेव्हा माझ्याकडे एक वळकटी होती आणि बाळंतपणं करण्याचा परवाना होता. आल्यावर पंधरा दिवसांच्या आत बडेबाबू दवाखान्यात आले. मे महिन्यात अंगात काळा कोट, मागे त्यांची घडीची खुर्ची घेऊन कचेरीतला शिपाई. त्यांनी शिपायाकडून खुर्ची मांडून घेतली, बसले आणि म्हणाले, "बाई, आपली चित्रपट समीक्षक समितीवर महिला प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली आहे."

मी म्हटलं, "मी तर अर्जही केला नाही."

"सन्मानासाठी अर्ज करायचा नसतो," बडेबाबू म्हणाले, आणि खुर्ची घडी करून निघून गेले.

समिती तिघांची होती. अध्यक्ष बडेबाबू. महिला प्रतिनिधी मी. तिसरे डेपोतले सुतार, मिस्त्री. माझं काम मत देण्याचं होतं. मी मत दिलं की बडेबाबू म्हणत, "बाईंचं मत नोंदवून घेतलं आहे." इतकंच. चार वर्षांत माझी किती मतं नोंदवली गेली कोण जाणे, त्यातल्या एकानेही यादीतला एक चित्रपट वर किंवा खाली सरकला नाही. मिस्त्रींचं मत मात्र ठाम असे. ज्याचं नाव छोटं, तो चित्रपट चांगला. कारण निवडलेल्या प्रत्येक चित्रपटासाठी सागाची एक पाटी कोरायची असे आणि ती मिस्त्रींना कोरावी लागे. दोन अक्षरी नावाच्या एका भिकार चित्रपटासाठी त्यांनी एकदा तासभर भांडण केलं होतं.

या पाट्या मुंबईला पार्सलने जात. "देशातील सर्वोत्तम दहांपैकी एक" असं वर, खाली चित्रपटाचं नाव, आणि कोपऱ्यात डेपोत ओंडक्यांवर मारतात त्या हातोड्याचा शिक्का. मुंबईहून उत्तर येत नसे. एक पाटी तर "घेणारा सापडला नाही" असा शेरा मारून परत आली. बडेबाबूंनी ती स्वतःच्या घरात खिळा मारून लावली. म्हणाले, "घेतला नाही म्हणून सन्मान रद्द होत नाही."

आता खरी गंमत सांगते. दहा सर्वोत्तम चित्रपट निवडायचे म्हणजे आधी पुष्कळ चित्रपट पाहिलेले असायला हवेत, असं कोणालाही वाटेल. आमच्या गावात चित्रपट येत ते फक्त तंबूवाल्या शेठबरोबर. धानाची कापणी झाली की शेठचा ट्रक यायचा, मैदानात तंबू उभा राहायचा, इंजिन धडधडायचं. सगळ्या मोसमात बारा-चौदा चित्रपट, तेही तीन-तीन, चार-चार वर्षांचे जुने, नागपूर-वर्धा फिरून विटलेले. त्यातले दहा सर्वोत्तम. एका वर्षी तर शेठच्या ट्रकचा पाटा तुटला आणि नऊच चित्रपट आले. बडेबाबूंनी दहावा चित्रपट जाहिरातीचा कागद पाहून निवडला. मी म्हटलं, "बडेबाबू, हा आपण पाहिलाच नाही." ते म्हणाले, "कागद पाहिला ना? ओंडका फोडून पाहावा लागत नाही, बाई. वरूनच समजतो."

ओंडक्यांवरच त्यांची सगळी समीक्षा चाले. जन्म डेपोत गेलेला. नागपूरला ते एकदाच गेले होते, खात्याच्या परीक्षेसाठी. परीक्षा नापास झाले, पण दोन दिवसांत तीन चित्रपट पाहून परतले ते समीक्षक होऊन. चित्रपट सरळ वाढलेला आहे का, घेर किती, गाठी किती, आणि आतून पोकळ आहे का, हे ते तपासत. गाठी म्हणजे गाणी. चित्रपट पोकळ वाटला की ते अंधारात खुर्चीच्या दांड्यावर बोटाच्या पेरांनी टक टक वाजवत. तंबूतली माणसं पडद्यापेक्षा त्या टकटकीकडेच कान लावून बसत. टक टक झाली की मागून कोणीतरी ओरडायचं, "गेला बाप्पा, पोकळ निंगाला!"

त्यांच्या बोलण्याचेही दोन प्रकार होते. समीक्षा करताना पुस्तकातली भाषा, राग आला की घरची.

वहिनीने मात्र उभ्या आयुष्यात एकही चित्रपट पाहिला नव्हता. तंबू त्यांच्या घरापासून पाचशे पावलांवर. पण बडेबाबूंचा नियम होता की समीक्षकाच्या घरच्या माणसाने चित्रपट पाहायचा नाही. घरच्या माणसाचं मत मिसळलं की यादी अशुद्ध होते. त्यामुळे सगळं गाव तंबूत असताना वहिनी घरी भात रांधत बसायची आणि बडेबाबू परत आले की जेवताना ते सांगतील तेवढा चित्रपट ऐकायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनी माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, सातवी पास, हाताने चपळ. दवाखान्यात अडलेली बाई आली की ती न बोलावता यायची, पाणी तापवायची, कंदील धरायची. तिच्या हाताला भीती नव्हती. माझ्या हाताला पहिली दोन वर्षं होती.

ज्या चित्रपटाने पुढचं सगळं घडवलं, त्याचंही नाव मी सांगत नाही. राज्यं नव्याने आखली गेली आणि आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, त्याच्या आसपासचा तो हिवाळा. एका मोठ्या घरच्या सुनेची गोष्ट होती. नवरा शिकलेला, सभेत भाषणं देणारा, घरात मात्र बायकोचं एक वाक्य पुरं होऊ न देणारा. ती सोसते, सोसते, आणि एका सकाळी घरातून बाहेर पडून रेल्वे स्टेशनवर येते. तिकिटाच्या खिडकीतला म्हातारा बाबू विचारतो, "बाई, कुठलं तिकीट देऊ?" ती मान वर करून त्याच्याकडे पाहते.

आणि पडदा पांढरा झाला.

दिवे लागले. लोक ओरडू लागले, "रीळ लावा! रीळ लावा!" शेठ तंबूच्या मध्ये उभा राहून हात हलवत होता. "भाऊ, खतम! पिक्चर इतनाच है. बंबईमें लोग रोते हुए बाहर निकले, और तुम लोग चिल्लाते हो?"

लोक शिव्या देत उठले. पण पुढच्या बाजूला एक माणूस आपल्या घडीच्या खुर्चीसमोर उभा राहून एकटाच टाळ्या वाजवत होता. मी बायकांच्या बाजूच्या कनातीतून बाहेर आले तेव्हा बडेबाबू मला शोधतच होते. डोळ्यांत पाणी. पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"बाई, पाह्यलं? तिकीट मांगतलंच नाई तिनं! कुठी जाते, सांगतलंच नाई! असा शेवट देशात कोनी केला नाई आजवर!"

त्या वर्षीच्या बैठकीत पहिल्या क्रमांकाची चर्चा झालीच नाही. मिस्त्रींनी तेवढी हरकत घेतली. "त्याचं नाव लय लंबं हाये, बडेबाबू. जोडाक्षरं बी हायेत." ती फेटाळली गेली. इतक्यात पडवीच्या कडेला सहीसाठी कागद घेऊन उभा असलेला लालसू बोलला. लालसू एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावचा, आमच्या नाक्यावरचा जंगल-गार्ड. फार बोलणारा माणूस नव्हता.

"साहेब, तो पिक्चर मी अहेरीले पाह्यलो. ते बाई घरी जाते."

बडेबाबूंनी लेखणी खाली ठेवली. "कुठी जाते?"

"घरी जाते. नवऱ्याच्या पाया पडते. मंग झुला आहे. मोठ्ठा झुला. गाना आहे."

"तू समितीवर आहेस काय?"

"नाई साहेब."

"मंग काऊन बोलून राह्यला?"

लालसू म्हणाला, "मी नुसता पाह्यलो, साहेब."

मिस्त्री माझ्याकडे पाहू लागले. मला त्याच क्षणी कळलं की शेठने शेवटचं रीळ कुठेतरी विसरून आम्हाला फसवलं आहे. मी ते बोलायला हवं होतं. पण वरोऱ्याहून मी निघाले तेव्हा काकाने दारात उभं राहून विचारलं होतं, परत कधी येणार, आणि मी काही बोलले नव्हते. तिकिटाच्या खिडकीशी गप्प उभी राहिलेली ती बाई मला माझी वाटली होती. तिला झुल्यावर बसवायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "माझं मत पहिल्या क्रमांकाला आहे." आणि बडेबाबूंनी नेहमीप्रमाणे ते नोंदवून घेतलं.

मग त्यांनी लेख लिहिला. "न मागितलेलं तिकीट." आठ दिवस कचेरीतला टाइपरायटर त्याच कामी होता. लेख नागपूरच्या एका साप्ताहिकात खरोखर छापून आला आणि बडेबाबू तो दिसेल त्याला वाचून दाखवू लागले. डेपोत लाकूड घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यांना, ताप घेऊन माझ्याकडे आलेल्या मजुरांना, आणि रोज दोन्ही वेळा जेवताना वहिनीला. त्यात एक वाक्य होतं, त्यावर ते थांबत आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहत: "जिने घर सोडलं, तिने कुठे जावं हे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला नाही, दिग्दर्शकाला नाही, आणि नवऱ्याला तर मुळीच नाही."

वहिनी भात वाढता वाढता ऐकायची. एकदा मी तिथे होते तेव्हा म्हणाली, "अजून एक डाव वाचा ना ते." बडेबाबूंना केवढा आनंद झाला. बायकोला समीक्षा कळू लागली असं त्यांना वाटलं.

त्यात भर म्हणून उन्हाळ्यात मुंबईहून पत्र आलं. इतक्या वर्षांत पहिलंच. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाचं. त्याने लेख वाचला होता, पाटी मिळाली होती, आणि लिहिलं होतं की चित्रपटाच्या शेवटामागचा माझा हेतू साऱ्या देशात आपण एकट्यानेच ओळखलात. झुला स्वतः उभा करून, फुलं बांधून, गाणं चित्रित करणाऱ्या माणसाने हे लिहिलं होतं. स्तुती आली की आपण काय केलंय ते माणूस किती चटकन विसरतो. बडेबाबूंनी पत्राला सागाची चौकट केली. लालसूला मुद्दाम बोलावून ते दाखवलं. लालसूने पत्राकडे पाहिलं, जोहार केला आणि निघून गेला.

जूनच्या सुरुवातीला चांद्याहून दवाखान्यात कागद आला. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. सुईणीच्या कामाचं दीड वर्षाचं शिक्षण, राहण्या-जेवण्याची सोय, सातवी पास बाया पाहिजेत. मी तो कागद वहिनीला दिला. तिने तो तीनदा वाचला, घडी करून कमरेला खोचला आणि घरी जाऊन बडेबाबूंना विचारलं. काय झालं ते तिनेच मला सांगितलं. बडेबाबू म्हणाले, "घरी कोन पाह्यन? मी कचेरी पाहू, का यादी पाहू, का चूल पाहू?" आणि पुन्हा लेख वाचायला घेतला.

चार दिवसांनी सकाळच्या बसला वहिनी पत्र्याची पेटी घेऊन उभी होती. सोडायला मी गेले होते. आमच्याकडे बायाही "जातो" म्हणतात. ती म्हणाली, "बाई, जातो मी. त्यायले चिठ्ठी नाई लिवली. त्यायचंच लिवलेलं पुरे हाये."

बसचं इंजिन सुरू झालं आणि बडेबाबू पळत आले. दाढी करता करता उठले होते. एका गालावर साबण, अंगात बनियन, आणि सवयीने हातात छत्री. मी त्यांना कोटाशिवाय पहिल्यांदाच पाहत होते.

"कुठी चालली?"

वहिनी खिडकीतून पाहत राहिली.

"मी इचारून राह्यलो ना! कुठी चालली? वापस कवा येशीन?"

बसमध्ये चाळीस माणसं होती. आरागिरणीवरची, बाजाराला निघालेली, दोन शाळामास्तर. सगळी खिडक्यांकडे वळली. वहिनी शांतपणे म्हणाली, "तुमीच लिवलं हाये ना. प्रेक्षकाले इचाराचा अधिकार नाई, त्या पिक्चर बनवनाऱ्याले नाई, आन नवऱ्याले..."

"तर मुळीच नाई!" मागच्या बाकावरून एक मास्तर बोलून गेला. लेख सगळ्या गावाचा पाठ झाला होता.

चाळीस माणसं हसली. बस निघाली. बडेबाबू रस्त्यात उभे राहिले, साबण वाळून गालावर पापुद्रा धरेपर्यंत.

त्यानंतरचे सहा महिने मी त्यांना जे पाहिलं, ते आठवून मला अजून हसू येतं, आणि हसल्याची थोडी लाजही वाटते. देशातल्या चित्रपटांची पारख करणाऱ्या या माणसाला भाताला किती पाणी लागतं ते माहीत नव्हतं. दवाखान्यात हात भाजून आले, दोनदा. पोट बिघडून आले, पाच-सहा वेळा. पट्टी बांधताना मला म्हणाले, "तुमीच दिला ना कागद तिले?"

"दिला," मी म्हटलं. "आणि लेख तुम्ही दिला."

ते उठून गेले. पण त्या आठवड्यापासून त्यांनी लालसूला बोलावणं धाडायला सुरुवात केली. लालसू नाक्यावरून सहा मैल चालत यायचा. बडेबाबू त्याला पडवीत बाकावर बसवायचे, जो बाक आजवर फक्त समितीचा होता.

"लालसू, त्या शेवटाचं सांग बरं."

"ते बाई घरी जाते."

"आपल्या मनानं जाते का कोनी ओढून नेते?"

"आपल्या मनानं."

"आन पाया पडते?"

"पडते. रडते बी."

"किती रडते?"

लालसू विचार करून सांगायचा, "लय रडते, साहेब." बडेबाबूंचा चेहरा जरा उजळायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या खेपेला लालसू माझ्या खोलीत औषध घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, मी आता रडनं वाढवून सांगतो. त्यायले बरं वाटते."

शेवटी बडेबाबूंनी शुद्धिपत्रक तयार केलं. समितीच्या निदर्शनास काही भाग उशिरा आल्यामुळे, सदर चित्रपटातील स्त्री स्वेच्छेने घरी परतते, याची नोंद घ्यावी. साप्ताहिकाला पाठवण्याआधी त्यांनी एक प्रत चांद्याला वहिनीला धाडली. उत्तराचं कार्ड आलं, ते त्यांनी मला दाखवलं. दोनच ओळी होत्या. "शुद्धिपत्रक भेटलं. मी तो पिक्चर पाह्यला नाई, म्हून मत देता येत नाई."

त्यांच्याच नियमाने तिने त्यांना बांधून टाकलं होतं. मग त्यांनी तो नियमच मोडायचं ठरवलं. हिवाळ्यात शेठचा ट्रक आला तेव्हा बडेबाबू वेशीवरच त्याची वाट अडवून उभे होते. शेठने कबूल केलं. रिळाचा डबा गेल्या साली अहेरीला एका खाटेखाली राहिला होता. तो आता ट्रकमध्ये होता.

वहिनी आठ दिवसांच्या सुटीवर आपलं उरलेलं सामान न्यायला आली. अंगावर पांढरं पातळ, चालण्यात घाई. बडेबाबूंनी तिला सांगितलं की दुपारी हिरड्याच्या गोदामात यायचं आहे, समितीचं काम आहे. ती म्हणाली, "मी समितीवर कवापासून?" पण आली.

गोदामाची दारं लावून घेतली होती. हिरड्याच्या पोत्यांचा तुरट वास. समोर दोन धोतरं शिवून केलेला पडदा, बाहेर इंजिनची धडधड. आम्ही पोत्यांवर बसलो, वहिनी, मी, मिस्त्री, आणि कोणी न बोलावता आलेला लालसू. बडेबाबू आपल्या खुर्चीवर. त्यांनी खुर्ची अशी लावली होती की पडद्यापेक्षा वहिनीचं तोंड नीट दिसावं.

झोत पडला आणि तिकिटाच्या खिडकीतला म्हातारा बाबू बोलला. वहिनी दचकून माझा हात धरून बसली. माणसाएवढं तोंड हलताना तिने कधी पाहिलं नव्हतं. मग त्या सुनेने आपल्याच गावाचं तिकीट मागितलं. गाडी. घर. खाटेवर आजारी नवरा. ती धावत आली, पाया पडली, रडली. लालसूने सांगितलं त्यापेक्षा कमीच रडली. नवऱ्याने डोळे उघडले, आणि त्या क्षणी त्याचा आजार पार गेला. सासूने बांगड्या काढून सुनेच्या हातात घातल्या.

बडेबाबू वहिनीकडे पाहत होते. पण माणूस किती वेळ पडद्याकडे पाठ फिरवून बसेल? हळूहळू त्यांची मान वळली. मी त्यांना पाहत होते. नवरा खाटेवरून उठला तेव्हा त्यांचं बोट दांड्यावर एकदा वाजलं. त्यांनी दुसऱ्या हाताने ते धरून ठेवलं. बांगड्यांच्या वेळी ते सुटलं आणि पुन्हा वाजलं. त्यांना हा शेवट खरा हवा होता. सहा महिन्यांचा करपलेला भात, भाजलेले हात, रस्त्यात वाळलेला साबण, सगळं या एका रिळावर टेकलं होतं. गप्प बसायचं, एवढंच त्यांना करायचं होतं.

झुला आला. फुलांनी मढवलेला. सून झुल्यावर बसली आणि नवरा मागून झोका देऊ लागला. बडेबाबू उठून उभे राहिले. त्यांच्या डोक्याची सावली झुल्यावर पडली.

"बंद करा!"

शेठ म्हणाला, "अभी गाना बाकी है, बडेबाबू."

"बंद करा म्हन्तो ना! खोटं हाये हे! असी निंगालेली बाई असी वापस येत नसते. हे कोनी पैशावाल्यानं मांगून बनवलेलं हाये. सगळं खोटं हाये!"

रीळ थांबलं. इंजिन तेवढं बाहेर धडधडत राहिलं. मिस्त्रींनी डोळे उघडले. बडेबाबूंना आपण काय बोललो ते आता कळलं असावं, कारण त्यांनी वहिनीकडे पाहिलं आणि खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

वहिनी म्हणाली, "ऱ्हावू द्या ना. गानं तं पाहू द्या. मी पयल्यांदाच पाहून राह्यली."

शेठने पुन्हा रीळ चालू केलं. वहिनीने सगळं गाणं पाहिलं. पुढे विनोदी नोकराचं लग्न होतं, त्याला ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेवटी सगळ्या पात्रांनी आमच्याकडे पाहून हात जोडले तर हिनेही जोडले. बडेबाबू दाराशी पाठमोरे उभे होते.

दारं उघडल्यावर ते मागे न वळता म्हणाले, "कसा वाटला?"

"मस्त होता," वहिनी म्हणाली. "असं होत नाई. पन मस्त होता."

सोमवारच्या बसने ती चांद्याला गेली. या वेळी पेटी बडेबाबूंनी उचलून टपावर चढवली. कुठी, कवा, काही विचारलं नाही. शुद्धिपत्रक छापलं गेलं नाही. होळीच्या आधीच्या रविवारी समिती जमली, तर अध्यक्ष म्हणाले, "यंदा यादी नाही." मिस्त्रींनी एवढा मोठा श्वास सोडला की पडवीतली कबुतरं उडाली.

वहिनी पास झाली आणि तिला कोरपन्याकडच्या एका दवाखान्यात नेमलं. बडेबाबूंनी बदलीचा अर्ज केला. तिकडे हेडक्लार्कची जागा नव्हती, साध्या कारकुनाची होती. त्यांनी ती घेतली. बायकोच्या मागे खालची खुर्ची घेणारा माणूस म्हणून कचेरीत साहेबापासून शिपायापर्यंत सगळे हसले. मीही हसले.

दोन वर्षांनी देवीच्या लसी टोचायला मी त्या बाजूला गेले तेव्हा त्यांच्याकडे उतरले. कापसाच्या शेतांच्या कडेला दोन खोल्यांचं घर. वहिनी पहाटेच बैलगाडीने कुठल्यातरी खेड्यावर बाळंतपणाला गेली होती. बडेबाबू चुलीपुढे बसले होते. तलावातली मासळी आणली होती, वाटण वाटलं होतं. मला म्हणाले, "बसा. ते आली की वाढतो." बारा वाजले, एक वाजला. दोनदा त्यांनी रस्सा गरम केला. दोनदा बाहेर जाऊन वाटेकडे पाहिलं.

वहिनी दोन वाजता आली. जुळी होती, दोन्ही जगली, एवढंच बोलली, हातपाय धुऊन ताटावर बसली. बडेबाबूंनी भात वाढला, रस्सा वाढला आणि समोर उभे राहिले. ती खाली मान घालून जेवत होती. बोट चाटलं, पुन्हा भात घेतला, पुन्हा रस्सा घेतला. बडेबाबू हातात पळी धरून तिच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"कसा झाला?"

वहिनीने शेवटचा घास खाल्ला, पाणी प्याली, उठली.

"उद्या सांगतो," म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन झोपली.

बडेबाबूंनी दार हळू ओढून घेतलं आणि तिचं ताट घासायला बाहेर नेलं.